टाकी काठोकाठ, तरी दुपारी रोपं माना टाकतात: हायड्रोपोनिक्समधली मूळकूज परत परत का येते

सकाळी सहाला लेट्यूसची रोपं टवटवीत असतात. दुपारी दोनला गच्चीवर जावं तर अख्खी रांग माना टाकून पडलेली, जणू आठवडाभर पाणी पाहिलं नाही. झाकण उघडलं तर टाकी मात्र काठोकाठ. संध्याकाळी रोपं पुन्हा उभी राहतात आणि आपण ‘ऊन लागलं असेल’ म्हणून जिना उतरतो. तीन-चार दिवसांनी ती संध्याकाळीही उठत नाहीत.

द्राक्षबागांना ठिबक आणि फिल्टर बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. आता त्याच्या जोडीला गच्चीवरचे आणि शेडनेटमधले हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यावर रोपं वाढवण्याचे, सेट बसवतो. खरं तर बसवतो कमी, दुरुस्त जास्त करतो. मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उन्हात नाशिकभरातून येणारे बहुतेक फोन याच तक्रारीचे असतात. वाक्यही ठरलेलं: “दादा, मागच्याच महिन्यात सगळं धुऊन नवीन रोपं लावली होती, परत तेच!” त्या ‘परत तेच’साठी हे लिहितोय.

लक्षणं

दुपारची मरगळ हे पहिलं लक्षण. दुसरं बहुतेकांच्या नजरेतून सुटतं: टाकीतलं पाणी रोज जेवढं उतरायचं तेवढं उतरत नाही. ऊन वाढतंय आणि पाणी कमी लागतंय, म्हणजे मुळं पीत नाहीयेत. मग खालची पानं पिवळी पडतात, नवीन पान लहान निघतं, कोवळ्या रोपांची मान बसते.

खात्री मुळांवरूनच होते. पंपाची पिन काढा (पाण्यात हात घालण्याआधी दरवेळी), एक रोप नेट कपसकट (रोप ज्या जाळीच्या कपात बसतं तो) उचला आणि उजेडात धरा. निरोगी मुळं उकडलेल्या शेवयांसारखी पांढरी दिसतात, पण हाताला तटतटीत लागतात. कुजकी मुळं टोकाकडून फिकट तपकिरी होत होत चहाच्या रंगावर येतात आणि बुळबुळीत लागतात. चिमटीत धरून हलकेच ओढा. वरचं आवरण मोज्यासारखं सुटून बोटांत आलं आणि आत नुसता बारीक दोरा उरला, तर शंका नको. वास घ्या. निर्माल्याच्या बादलीला चौथ्या दिवशी येतो तो वास आला, तर बघायचं काही राहिलं नाही.

आता न कुजलेल्या मुळांची गोष्ट, कारण यात बरीच रोपं उगाच फेकली जातात. मुळं तपकिरी आहेत पण तटतटीत आहेत, वास नाही, आवरण सुटत नाही, तर तो नुसता डाग आहे. चेलेटेड लोह किंवा ह्युमिक टाकल्यावर असा रंग चढतो, आणि आपल्याकडे द्राक्षाची सवय म्हणून लोक ह्युमिक सगळीकडेच ओततात. मुळं पांढरी पण नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर पीएच वर गेल्यामुळे लोह मिळत नाहीये. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्या असतील तर तिथपर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये. त्याला हवा खेळती हवी, खाली लिहिलेली साफसफाई नको.

हे होतं कशामुळे

मूळ कुजवणारा पिथियम नावाचा जीव लोक बुरशीत मोजतात, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. द्राक्षावर पावसात येणारा डाऊनी, म्हणजे केवडा, ज्या गोतावळ्यातला, त्यातलाच हा. दोघांचेही बीजाणू पाण्यात पोहतात. डाऊनीला त्यासाठी पान ओलं असावं लागतं. इथे आपण त्याला अख्खी टाकी दिलीय, वर चोवीस तास फिरवणारा पंपही दिलाय.

पण पिथियम एकटा निरोगी मुळाला सहसा आडवं करत नाही. आधी मूळ गुदमरावं लागतं. पाणी जेवढं तापतं तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्याने आपल्या वाट्याला त्याहून थोडा कमीच येतो. तोटा छोटा वाटेल. मात्र त्याच दहा अंशांत मुळांचा श्वास जवळपास दुप्पट होतो. मिळकत घटली आणि खर्च दुप्पट झाला. वर पिथियमच्या काही जाती नेमक्या तिशीपुढच्या गरम पाण्यातच जोर धरतात.

त्यामुळे ‘कोणतं औषध टाकू?’ या प्रश्नाला माझं उत्तर एकच असतं: आधी पाणी किती गरम आहे ते सांगा.

मूळकूज शोधायला गेलं की इंग्रजीत निम्मे सल्ले गांजाच्या झाडांचे निघतात. बंद खोलीत, दिव्याखाली, छोट्या टाकीवर झाड वाढवण्याचं पुष्कळ ज्ञान बाहेरच्या देशांत त्या पिकावर साठलंय, हे खरं. पण आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. एक झाड, गच्चीवर, औषधासाठी, असली कुठलीही सबब चालत नाही. दुसरं असं की ते झाड खादाड. त्याच्या फुलोऱ्याचा दोनच्या आसपासचा ईसी (पाण्यात खत किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा) लेट्यूसला दिलात तर मेच्या उन्हात मुळं कुजण्याआधी करपतील. गिरणाऱ्याच्या एका भाऊंनी हेच केलं होतं. तिथला तक्ता छापून टाकीला चिकटवलेला, आणि टाकीत बेझिल आणि पाक चोय.

पहिली तपासणी: थर्मामीटर, दिवसातून दोनदा

साधा काचेचा किंवा फिश टँकच्या दुकानात मिळणारा थर्मामीटर पुरतो. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला टाकीतलं पाणी मोजा आणि झाकणावर मार्करने लिहा. १८ ते २२ उत्तम, २४-२५ चालतं. २८च्या वर रोज दुपारी जात असेल तर मूळकूज आज नाही तर पुढच्या आठवड्यात. सकाळचा आकडा तेवढाच महत्त्वाचा. रात्रीतून पाणी २३-२४ला उतरत असेल तर मुळांना सावरायला वेळ मिळतो. सकाळीच २८ असेल, तर उष्णता उन्हातून येत नाही, सेटच्या आत तयार होतेय.

आता तिसरा आकडा, जो कुणी घेत नाही. दुपारी तीनलाच चॅनेलमधून, म्हणजे रोपं बसवलेल्या आडव्या पाईपांतून, टाकीत परत येणाऱ्या पाईपच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. परतीचं पाणी टाकीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असेल, तर गुन्हेगार टाकी नाही, चॅनेल आहेत. अशा वेळी टाकीला कितीही गोधड्या गुंडाळल्या तरी उपयोग शून्य. मी स्वतः एका सेटवर दोन रविवार टाकीला थर्माकोल लावण्यात घालवले, आणि ऊन सरळ करड्या पीव्हीसी पाईपांवर पडत होतं. पाईपांना पांढरा रंग मारल्यावर आणि वर शेडनेट ओढल्यावर प्रश्न सुटला.

दुसरी: उजेड आणि शेवाळ

पैसे लागत नाहीत. भर दुपारी टाकीच्या झाकणाच्या फटीतून, रिकाम्या भोकांतून, पारदर्शक नळीतून उजेड आत जातोय का बघा. जिथे उजेड आणि खत, तिथे शेवाळ. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं हे खरं, पण रात्री ते तोच ओढून घेतं, आणि मेलं की पिथियमला खाऊ होतं. ओलसर शेवाळावर बारीक काळ्या माश्या येतात, आणि त्या एका रोपावरून दुसऱ्यावर रोग नेतात. रिकाम्या भोकांना जुन्या झाकणांची बुचं लावा, पारदर्शक नळी काळ्या नळीने बदला. काळी टाकी असेल तर उजेड अडतो पण उष्णता ओढते, म्हणून तिला बाहेरून पांढरा रंग द्या. आतून काळी, बाहेरून पांढरी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तिसरी: पाणी खरंच वाहतंय का

एक लिटरची बाटली आणि घड्याळ घ्या. प्रत्येक चॅनेलच्या शेवटच्या टोकाला बाटली धरा. अर्ध्या ते एका मिनिटात भरली पाहिजे, म्हणजे मिनिटाला एक ते दोन लिटर. एखाद्या चॅनेलला दोन मिनिटं लागली, तर आजार त्या चॅनेलपासूनच सुरू झालेला असतो, लिहून ठेवा. पंपाचा स्पंज चिकटलेला असेल, तोंडाशी क्षार बसले असतील, किंवा पालक जरा जास्त दिवस ठेवल्यामुळे मुळांची गादी झाली असेल. गादीमागे पाणी तुंबतं, आणि तुंबलेल्या पाण्यातला प्राणवायू मुळं तासाभरात संपवतात.

उतारही बघा. ४० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असा उतार असेल तर छान. नवीन सेटमध्ये उतार बरोबर असतो, पण दोन उन्हाळ्यांनंतर पीव्हीसी पाईप दोन स्टँडच्या मध्ये झोळीसारखा खाली येतो. त्या झोळीत पाणी साचतं आणि बरोबर तिथलीच चार-पाच रोपं दरवेळी मरतात. ‘मधलीच रोपं जातात’ असं कुणी म्हटलं की मी औषधाबद्दल बोलतच नाही, मध्ये एक विटेचा तुकडा सरकवा म्हणतो.

डीडब्ल्यूसी, म्हणजे मुळं थेट टाकीत सोडलेला सेट असेल, तर ही तपासणी सोडा आणि पुढची नीट करा.

चौथी: हवा

बुडबुडे दिसले म्हणजे हवा पुरली असं नाही. एअर स्टोनची, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाची, भोकं क्षारांनी बुजतात आणि एकाच कोपऱ्यातून मोठे बुडबुडे यायला लागतात. मोठा बुडबुडा भसकन वर येतो, पाण्याला फार काही देत नाही. बारीक बुडबुड्यांचा पडदा हवा. दगड काढून दोन दिवस उन्हात वाळवा, घासा, नाहीतर बदला. शंभर लिटरच्या टाकीत मी निदान दोन दगड टाकतो, दोन टोकांना.

एनएफटीवाल्यांसाठी (ज्यांच्या चॅनेलमधून पाण्याचा पातळ थर वाहतो त्यांच्यासाठी) फुकटातला उपाय म्हणजे परतीचं पाणी टाकीत वरून पडू द्यायचं. खूप जणांनी आवाज नको म्हणून तो पाईप पाण्यात बुडवलेला असतो. तो वीतभर वर उचला. पडणारं पाणी हवा घेऊनच आत जातं.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर आणि सावलीत ठेवा. खाली ठेवला आणि लाईट गेली तर नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. नाहीतर नळीत एक नॉन-रिटर्न वाल्व टाका, त्याच दुकानात मिळतो. लाईटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: एनएफटीमध्ये मुळांखाली काही मिलिमीटरच पाणी असतं. मेच्या दुपारी पंप तासभर बंद राहिला तर मुळांची टोकं वाळतात, आणि पिथियमला आत शिरायला ती मेलेली टोकं हा उघडा दरवाजा असतो. शनिवारी दुपारी लाईट गेली आणि पुढच्या गुरुवारी मूळकूज दिसली, असं मी बऱ्याच ठिकाणी जोडून पाहिलंय. पंप इन्व्हर्टरवर घ्या.

पाचवी: पंपच पाणी तापवतोय का

सकाळचा आकडा जास्त आला असेल त्यांनी इथे थांबायचं. पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी त्याच पाण्यात उष्णता होऊन उतरते. ४० वॉटचा पंप १०० लिटर पाण्याला तासाला साधारण एक तृतीयांश अंश देतो. ऐकायला काहीच नाही. रात्रभर आठ तास चालला तर जवळपास तीन अंश. म्हणजे बाहेरच्या गारव्याने जे कमावलं, त्यातलं बरंचसं पंपाने खाल्लं. कुलरचा म्हणून स्वस्तात आणलेला पंप गरजेपेक्षा मोठा असतो, आणि लोक अर्धं पाणी कॉकने दाबून ठेवतात. लहान पंप आणा. किंवा पाणी वाढवा: तेवढ्याच रोपांना ५० ऐवजी १५० लिटरचा ड्रम दिला की तापायला तिप्पट वेळ लागतो, आणि तोपर्यंत ऊन कलतं. थंड करण्याच्या सगळ्या उपायांत मला हा सगळ्यात जास्त पटलेला आहे, आणि कुणालाच तो आवडत नाही, कारण त्यात काही ‘टाकायचं’ नसतं.

सहावी: पीएच आणि ईसी

आधी पेन तपासा, मग पाणी. पीएच पेनसोबत येणाऱ्या ४.०१ आणि ६.८६च्या पुड्या शुद्ध पाण्यात विरघळवा आणि पेन जुळवा. पेनचं टोक कोरडं पडलेलं असेल तर ते काहीही दाखवतं. ईसीच्या पेनवर आकडा पीपीएममध्ये असेल तर ते ५०० ने गुणतंय की ७०० ने, हे बघा. एकच पाणी एका पेनवर ७००, दुसऱ्यावर ९८० दिसतं, आणि दोन्ही खरे असतात. मी सरळ ईसीतच बोलतो.

लेट्यूसला उन्हाळ्यात ईसी १.० ते १.२ पुरे, पीएच ५.५ ते ६.२. थंडीत १.४-१.५ चालतो. उन्हाळ्यात कमी का? झाड गरम हवेत खतापेक्षा पाणी जास्त ओढतं, त्यामुळे टाकीत खत आपोआप घट्ट होत जातं. वरून आपण दर दोन दिवसांनी ‘थोडं खत’ टाकतो. खारट पाण्यात मुळाची टोकं करपतात, आणि करपलेलं टोक म्हणजे पुन्हा तोच उघडा दरवाजा. उन्हाळ्यात पातळी भरताना साधं पाणी घाला, ईसी बघा, आणि खरंच उतरला असेल तरच खत द्या. पंधरा दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून नवीन भरा. जुनं पाणी कुंड्यांना घालता येतं.

पाणी कुठलं आहे तेही महत्त्वाचं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्यामानाने हलकं आहे. बोअरचं पाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट असतात, म्हणून आज फॉस्फोरिक ॲसिडने पीएच ५.८ला आणलात तरी परवा तो सातच्या वर गेलेला असतो. खत न टाकता बोअरच्या पाण्याचाच ईसी ०.७-०.८ येत असेल, तर खताला जागाच किती उरली? अशा ठिकाणी पावसाचं पाणी साठवा किंवा नळाचं मिसळा.

सातवी: टाकी थंड करणं

इथून पुढे थोडी मेहनत आणि थोडा खर्च.

सगळे आधी फ्रीजरमधल्या बाटल्या टाकतात. हिशेब असा: एक लिटरची गोठलेली बाटली १०० लिटर पाणी जेमतेम एक अंश खाली आणते. तीसवरून पंचवीसवर यायला पाच बाटल्या, आणि तासा-दोन तासांत पाणी पुन्हा वर. पाथर्डी फाट्याच्या एका काकूंनी दोन आठवडे दिवसातून तीनदा चार-चार बाटल्या जिना चढून नेल्या. “गुडघे गेले रे, पण लेट्यूस नाही वाचला,” म्हणाल्या. अचानकच्या उष्म्याच्या दोन-तीन दिवसांसाठी हे ठीक, अख्ख्या उन्हाळ्यासाठी नाही.

त्यांच्याकडे शेवटी चाललं ते ओलं गोणपाट. ड्रमला दोन पदरी गोणपाट गुंडाळलं, वरच्या काठाला ठिबकची नळी फिरवली, आणि टेबलफॅनचा वारा लागेल असा ड्रम ठेवला. माठ जसा थंड होतो तसाच ड्रम. एप्रिल-मेची नाशिकची हवा कोरडी असते म्हणून हे जमतं. त्यांच्याकडे दुपारचा आकडा ३१ वरून २६-२७वर आला. पाऊस सुरू झाल्यावर हवा दमट होते आणि गोणपाट नुसतंच ओलं राहून वास मारतं, तेव्हा काढून टाका.

टाकीची जागा बदलता आली तर सगळ्यात उत्तम. जिन्याच्या खोलीत, किंवा खालच्या मजल्यावर. गच्चीवरच्या सिंटेक्सच्या उत्तर बाजूला सावली असते म्हणून तिथे ठेवणारे बरेच. थंडीत ती सावली खरी. पण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी नाशिकच्या बरोबर डोक्यावरून जातो, सावली पायाखाली येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत टाकी उघडी पडते. शेडनेटवाल्यांनी ड्रम जमिनीत पुरावा; तीन फूट खोलीवर माती दिवसा तापत नाही. फक्त पावसाचं पाणी आत उतरणार नाही एवढा काठ वर ठेवा.

आठवी: सगळं उपसून धुणं

कुजलेली मुळं दिसलीच असतील तर वरचं सगळं करूनही हे करावंच लागतं, आणि ‘परत तेच’चं दुसरं मोठं कारण इथे आहे. लोक टाकी धुतात, चॅनेल धुतात, आणि जुने नेट कप, जुने क्ले बॉल (कपात भरायच्या भाजक्या मातीच्या गोळ्या), आतून चिकट झालेली नळी तशीच परत लावतात. पाईपच्या आत बोट फिरवून बघा. तो बुळबुळीत थर म्हणजे रोगाचं बियाणं.

अर्ध्याहून जास्त मुळं तपकिरी झालेली रोपं काढून टाका, वाचवत बसू नका, कंपोस्टमध्येही नको. सेट रिकामा करा. घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं मिश्रण अर्धा तास सगळीकडे फिरवा. नेट कप आणि दगड त्यातच बुडवा, चिकट नळ्या सरळ बदला. मग साध्या पाण्याने तीनदा धुवा आणि सेट दोन दिवस उघडा ठेवून कडक उन्हात वाळू द्या. उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा करून घ्या.

एक धोका ठळक सांगतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, मग ते ॲसिड पीएच उतरवायचं असो की संडास धुवायचं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, ॲसिडची बाटली त्या दिवशी गच्चीवर आणूच नका.

औषध

आता औषधाबद्दल बोलू. ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस सबटिलिस, म्हणजे रोगाशी लढणारे उपयोगी सूक्ष्मजीव, कृषी सेवा केंद्रात मिळतं. स्वच्छ सेटमध्ये, नवीन रोपांसोबत, पाणी २६च्या खाली ठेवून ते पहिल्या दिवसापासून दिलं तर मुळांवर आधी आपली माणसं बसतात. पाण्यात विरघळणारं घ्या, भुकटी पंप चोंदवते. कुजलेल्या मुळांवर ते ओतून चमत्कार होत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यातलं सगळंच मारतं, चांगलंही आणि वाईटही. हे मला माहीत होतं. तरी एका सोमवारी घाईत मी स्वतःच्या सेटमध्ये सकाळी पेरॉक्साइड टाकलं आणि संध्याकाळी ट्रायकोडर्मा. शंभरेक रोपं होती. ट्रायकोडर्मा गेला, पिथियम आठ दिवसांत परत आला, आणि त्या महागड्या पुडीचा हिशेब बायकोने अजून सोडलेला नाही. दोन्हींतलं एकच निवडा.

आणि नाशिकची खास चूक. प्रत्येक बागाईतदाराच्या घरात डाऊनीसाठी आणलेलं मेटॅलॅक्सिलचं अर्धं पाकीट असतंच. “दोघं एकाच गोतातले ना, मग टाकतो चिमूटभर.” नको. फिरत्या पाण्यात ते मुळांतून थेट पानात चढतं, आणि आपण ती पानं पंधरा दिवसांत कच्ची खातो. सॅलडच्या भाजीच्या टाकीत ओतण्यासाठी ते बनवलेलं नाही. बोर्डोही (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) नको, त्यातलं तांबं मुळांनाच मारतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाण्यात किंवा स्टँडला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर हात काढा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुन्हा हात लावून खात्री करायची नाही. गच्चीवर पाण्यातला पंप चालतो तिथे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, आणि ती स्वतः बसवायची नाही.

टाकी वाढवत वाढवत पाचशे लिटरच्या पुढे गेलात, तर ते गच्चीवर एका जागी ठेवलेलं अर्धा टन वजन आहे. जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

गोणपाट, सावली, मोठा ड्रम सगळं करूनही पाणी २७च्या खाली येत नसेल आणि माल विकायचा असेल, तर चिलर लागेल. त्याचा आकार दुकानदाराच्या अंदाजाने घेऊ नका. पाणी किती, पंप किती वॉटचा, चॅनेल किती लांब, हे घेऊन रेफ्रिजरेशनच्या माणसाकडून हिशेब करून घ्या. लहान चिलर दिवसभर चालत राहतो आणि वर बिल येतं. घरच्यापुरतं पीक असेल तर चिलरपेक्षा एप्रिल-मेमध्ये सेट बंद ठेवणं किंवा लेट्यूसऐवजी बेझिल लावणं स्वस्त. बेझिलला पाणी चार-पाच अंशांनी जास्त चालतं. मी स्वतः हेच करतो.

बोअरचं पाणी संशयास्पद असेल तर द्राक्षाचं देठ परीक्षण जिथे करून घेतात त्याच प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना द्या. आणि स्वच्छ केलेल्या सेटमध्ये, पाणी २५च्या आत असतानाही महिन्याभरात दुसऱ्यांदा मुळं कुजली, तर अंदाज थांबवा. तो पिथियम नसेलही, फ्युजेरियम नावाची बुरशी असू शकते, आणि तिचे उपाय वेगळे. एक अर्धं आजारी रोप मुळांसकट ओल्या कागदात गुंडाळून मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात वनस्पती रोगाच्या जाणकाराला दाखवा. पूर्ण मेलेलं रोप नेऊ नका, त्यावर इतर दहा गोष्टी वाढलेल्या असतात.

माझ्यासारख्या कुणाला फोन करणार असाल तर आधी एवढं जवळ ठेवा: सकाळी सहाचं, दुपारी तीनचं आणि परतीच्या पाईपचं तापमान, ईसी, पीएच, बाटली किती सेकंदांत भरली, आणि पांढऱ्या ताटलीत पसरलेल्या मुळांचा फोटो. पानांचा फोटो पाठवू नका.